मानधन नावाची पळवाट

काही शब्द दिसायला फार सोज्वळ असतात आणि त्यांच्या आडोशाला अन्याय निर्धास्तपणे नांदत असतो. 'मानधन' हा त्यांतलाच एक. राबणाऱ्या माणसाच्या हाती पडणाऱ्या रकमेला 'वेतन' म्हटले की कायदा जागा होतो. किमान वेतन किती, ते महिन्याच्या कितव्या तारखेला द्यायचे, भविष्यनिर्वाह निधी भरला की नाही, रजा किती, असे अडचणीचे प्रश्न उभे राहतात. त्याच रकमेला 'मानधन' म्हटले की हे सारे प्रश्न गुमान खाली बसतात. शिवाय घेणाऱ्याने उपकृत व्हायचे, कारण धनासोबत त्याला मानही मिळालेला असतो! धन वेळेवर येत नाही आणि मान कुठे दिसत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

समाजकार्य हाच ज्यांचा पेशा आहे, अशा हजारो कार्यकर्त्यांचा संसार आज या एका शब्दावर टांगलेला आहे. त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे असेल तर बीड जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही.

गेवराई तालुक्यातील चकलांबा हे स्वतःचे पोलीस ठाणे असलेले गाव. दसरा-दिवाळी झाली की या पट्ट्यातील वाड्यावस्त्यांवरची बिऱ्हाडे ट्रॅक्टर-ट्रकवर चढतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे उरतात म्हातारीकोतारी माणसे आणि शाळेतली काही मुले. घरात मुलगी वयात आलेली असेल, तर तिला कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न आईबापांना झोपू देत नाही. त्याचे उत्तर पुष्कळदा लग्न हेच निघते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न लागले की नवा कोयता तयार झाला, आणि कोयता तयार झाला की मुकादमाकडून उचल मिळाली, असा हा रोकडा व्यवहार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) बीड जिल्ह्यातील 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के स्त्रियांचे लग्न वयाच्या अठरा वर्षांआधी झालेले आढळले. राज्याचे प्रमाण 21.9 टक्के होते. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे अवघ्या 807 मुली होत्या. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकण्यात आल्याचे उघड झाले.

हे आकडे आपण व्याख्यानमालांतून ऐकतो, हळहळतो, आणि चहा घेऊन घरी जातो. या आकड्यांच्या विरोधात रोज सकाळी उठून उभे राहण्याचे काम नेमके कोणाकडे सोपवले आहे आणि त्याच्या हातावर महिनाअखेर काय पडते, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

ते काम कागदोपत्री जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आहे. केंद्र सरकारच्या 'मिशन वात्सल्य' योजनेची मार्गदर्शक तत्त्वे 2022 साली आली. त्यांतील आराखड्यानुसार एका जिल्ह्याच्या कक्षात दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन क्षेत्रकार्यकर्ते असावेत. सामाजिक कार्यकर्त्याचे मासिक मानधन 18,536 रुपये. गावोगाव हिंडून संकटातील मूल शोधायचे, त्याच्या घरी जायचे, पोलीस ठाणे आणि बालकल्याण समिती यांच्यामध्ये धावपळ करायची, हे ज्याचे काम त्या क्षेत्रकार्यकर्त्याचे 10,592 रुपये. 2014 साली, तेव्हाच्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत, हेच आकडे अनुक्रमे 14,000 आणि 8,000 होते. आठ वर्षांत एकदा वाढ झाली आणि ती 32.4 टक्के झाली.

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि 2011 च्या जनगणनेनुसारच लोकसंख्या पंचवीस लाखांच्या वर होती. तिच्या वाट्याला आराखड्याने दिलेली क्षेत्रकार्यकर्त्यांची संख्या दोन. चकलांब्याजवळच्या एखाद्या वस्तीवर संध्याकाळी हळद लागणार असल्याची खबर आली, तर त्यांच्यापैकी एकाने कोणत्या गाडीने, कोणाच्या पेट्रोलवर आणि किती वाजता तेथे पोहोचायचे, याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वात सापडत नाही. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यावर जबाबदारी आहे, त्याच्या मदतीला अंगणवाडी सेविका आहे, हे खरे. पण त्या सेविकेला त्याच गावात दुसऱ्या दिवशी राहायचे असते आणि तीही मानधनावरच असते.

आता एक साधा हिशेब मांडू. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ केली. टनाला सुमारे 273 रुपये असलेला दर 366 रुपयांवर गेला. नवरा-बायकोची जोडी दिवसाकाठी साधारण दोन टन ऊस तोडते. एकही खाडा न करता तीस दिवस काम केले, तर एका कोयत्याचे होतात 21,960 रुपये. पंचवीस लाखांच्या जिल्ह्यातील मुलांच्या मागे धावणाऱ्या दोन क्षेत्रकार्यकर्त्यांचे मिळून होतात 21,184. ज्यांची मुले वाचवायची, त्यांच्या मजुरीपेक्षाही वाचवणाऱ्याचे मोल शासनाने कमी ठरवले आहे. आणि ऊसतोड मजुरांची मजुरी काही सुखाची नव्हे, हे आपण सारेच जाणतो.

तरीही एका बाबतीत ऊसतोड मजूर भाग्यवान म्हणायचा. त्याला उचल आधी मिळते. तिच्यात तो वर्षानुवर्षे अडकतो, ती त्याच्या गळ्यातील साखळी होते, पण पैसा घरात आधी येतो आणि घाम नंतर गळतो. समाजकार्याच्या कंत्राटी कार्यकर्त्याचे सारेच उलटे. घाम आधी गळतो आणि पैसा केव्हा येईल हे 'निधी प्राप्त झाल्यावर' कळते. केंद्राचा हिस्सा आला नाही, राज्याचा आला पण वर्ग झाला नाही, मागील वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र अडकले, अशा कारणांची एक वारी असते. या वारीत चालणाऱ्याला तीन-चार महिने किराणा दुकानदाराचे तोंड चुकवावे लागते. ऊसतोड मजुरांच्या बाजूने संप होतो, लवाद बसतो, मोठे नेते साखर संकुलात एकत्र येतात. या कार्यकर्त्यांसाठी कोणता लवाद बसला आहे?

आणि मग येतो मुकादम. येथे त्याला 'बाह्यस्रोत संस्था' म्हणतात, बोलीभाषेत एजन्सी. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत शासकीय व निमशासकीय कार्यालयांना मनुष्यबळ पुरवण्याचे ठरवले होते. तरुणांत असंतोष उसळला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी तो निर्णय रद्द झाल्याचे जाहीर केले. ही गोष्ट योग्यच झाली. मात्र निर्णय रद्द झाला म्हणून मुकादमी रद्द झाली, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. जिल्हा पातळीवर, योजनेगणिक, प्रकल्पागणिक माणसे एजन्सीमार्फत घेण्याची रीत त्या शासन निर्णयाच्या आधीही होती आणि नंतरही टिकून आहे. एजन्सीचे काम काय? हजेरीपत्रक गोळा करणे, देयक सादर करणे आणि आपले सेवाशुल्क कापून उरलेले पुढे पाठवणे. मुकादम निदान फडावर हजर असतो, कोयत्यांची भांडणे सोडवतो, आजारी बाईला दवाखान्यात नेतो. एजन्सीचा मालक कार्यकर्त्याला ओळखतसुद्धा नाही.

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक गोष्ट स्वच्छ सांगितली होती. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकाची. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनीही ही जबाबदारी कायम ठेवली आहे, आणि मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत देण्याचे बंधनही. पण हे सारे 'वेतना'ला लागू. योजनेतील 'मानधना'ची गोष्ट निघाली की सात तारीख कॅलेंडरवरून अदृश्य होते. 2013 साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजनांतील कर्मचाऱ्यांना कामगाराचा दर्जा देण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये अंगणवाडी सेविकांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे सांगितले. तरीही महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना 4 डिसेंबर 2023 पासून पन्नासहून अधिक दिवस संपावर बसावे लागले. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचारी ऑगस्ट 2025 मध्ये बेमुदत संपावर गेले, ते तर शासनाने स्वतःच मार्च 2024 मध्ये काढलेल्या निर्णयाची अंमलबजावणी करावी एवढ्यासाठी!

येथे एक गोष्ट बोलून टाकतो. अंगणवाडी ताईंच्या मोर्चात लाल बावटा दिसला की आपल्यातील अनेकजण नाक मुरडतात. बावट्याचा रंग पाहण्याआधी त्या मोर्चात चालणाऱ्या बाईच्या पायांतील चप्पल पाहावी. दत्तोपंत ठेंगडी यांनी 23 जुलै 1955 रोजी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, ती श्रमिकाचा प्रश्न डाव्यांना आंदण देऊन टाकण्यासाठी नव्हे. मजदूर संघ या सेविकांचे आणि आशा कार्यकर्तींचे प्रश्न मांडत आला आहे. पण आपल्या बैठकांत आणि घरांत तो विषय किती वेळा निघतो?

पगार कमी आणि तोही उशिरा, म्हणजे माणूस टिकत नाही. चकलांब्याच्या बाजूला फिरताना भेटलेल्या एका तरुणीची हकिकत प्रातिनिधिक आहे. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, मुलांसाठीच्या एका प्रकल्पात तीन वर्षे कंत्राटी नोकरी, दर अकरा महिन्यांनी नवा करार, आणि आता घरी बसून पोलीस भरतीची तयारी. कामाचा कंटाळा आला का, असे विचारल्यावर तिने मानेनेच नाही म्हटले. सोडून दिलेल्या मुलींची नावे तिला अजून पाठ होती. तिच्या जागी दुसरी आली, तीही वर्षाच्या आत गेली.

कार्यकर्ता बदलला म्हणजे फाइल दुसऱ्याच्या टेबलावर गेली, एवढेच कार्यालयाच्या दृष्टीने घडते. मुलाच्या दृष्टीने काय घडते? बालन्याय अधिनियम, 2015 म्हणतो, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी, म्हणजे बालकल्याण समितीला चार महिन्यांत अंतिम आदेश देता येईल. पंधरा दिवसांत एखाद्या मुलीच्या घराची खरी परिस्थिती कळायला गाव ओळखीचे असावे लागते. कोणाचा मामा बोलका, कोणाची आजी खरे सांगेल, कोणत्या मुकादमाचे कर्ज त्या लग्नामागे आहे, हे ज्ञान प्रशिक्षण शिबिरात मिळत नाही. ते तीन-चार हंगाम त्याच वाटांवर पाय झिजवल्यावर मिळते. आपण नेमके ते ज्ञान दर अकरा महिन्यांनी उकिरड्यावर फेकतो. अत्याचारग्रस्त मुलीला तर आपली कहाणी नव्या ताईपुढे पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. पोक्सो कायदा झाला तो तिला हे वारंवार सांगावे लागू नये, अशा भूमिकेतून. त्याच कायद्याच्या 2020 च्या नियमांत मुलीला खटला संपेपर्यंत साथ देणाऱ्या सहायक व्यक्तीची तरतूद आहे. तिचा मोबदला किती असावा? किमान वेतन कायद्यातील कुशल कामगाराच्या दरापेक्षा कमी नसावा, एवढेच नियम सांगतो. ही तळरेषा होती, ते छप्पर समजण्याची आपल्या कार्यालयांची रीत जुनीच आहे.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही, पण आपल्याकडे तो उलटा उभा आहे. इंग्लंडमध्ये एजन्सीमार्फत काम करणाऱ्या समाजसेवकाला कायम नोकरीतील समाजसेवकापेक्षा अधिक दर मिळू लागला. त्यामुळे माणसे पालिकांच्या नोकऱ्या सोडून एजन्सीत जाऊ लागली, तिजोऱ्या रित्या होऊ लागल्या आणि मुलांच्या वाट्याला दर काही महिन्यांनी नवा चेहरा येऊ लागला. शेवटी तेथील सरकारला 31 ऑक्टोबर 2024 पासून बालसेवेपुरते नियम लागू करावे लागले. कायम नोकरी सोडणाऱ्याला त्याच प्रदेशात तीन महिने एजन्सीतर्फे येता येणार नाही, आणि एजन्सीच्या दरांना प्रादेशिक मर्यादा घालायची. तिकडे एजन्सी माणसाला जास्त पैसे दाखवून पळवते. आमच्याकडे एजन्सी माणसाच्या तुटपुंज्या मानधनातूनच आपला वाटा काढते आणि माणूस समाजकार्यातूनच पळून जातो.

ज्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 1936 पासून या देशाला समाजकार्य शिकवले, तिची कथा आठवावी. जून 2024 मध्ये देणगीवर चालणाऱ्या प्रकल्पांतील शंभरहून अधिक अध्यापक-कर्मचाऱ्यांना तिने एका पत्राने घरी जायला सांगितले. गदारोळ झाल्यावर दोन दिवसांत ते पत्र मागे घेतले गेले. जेथे समाजकार्याचे धडे दिले जातात, तेथेच धडे देणाऱ्याची ही शाश्वती!

शासनावर टीका करणे सोपे आहे आणि ती करायलाच हवी. पण वाचकांपैकी अनेकजण एखाद्या वसतिगृहाचे, शाळेचे, बालसदनाचे विश्वस्त आहेत, देणगीदार आहेत, हितचिंतक आहेत. त्यांच्याशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. 'सेवेला पगार कसला?' हे वाक्य आपल्या बैठकांत हमखास ऐकू येते. बोलणारा बहुधा निवृत्तिवेतनधारक असतो. ज्या घरात दुसरा पगार येतो, त्या घरातून विनावेतन सेवा होऊ शकते आणि अशा सेवेबद्दल मनात आदरच आहे. पण तोच मापदंड भूमिहीनाच्या पदवीधर मुलीला लावायचा, हे कोणत्या न्यायात बसते? तिच्या 10,592 रुपयांवर चार माणसे जेवतात.

आपल्या परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपरा नीट वाचावी. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी महिना 75 रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचे व्रत घेतले. रक्कम थोडी होती, पण ती ठरलेली होती आणि ती दर महिन्याला मिळत होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1905 साली भारत सेवक समाज काढला. सदस्याने स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करू नये, ही शपथ होती. मात्र त्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या योगक्षेमाची तरतूद समाजाने करायची, हेही त्यातच होते. संघाचा प्रचारक वेतन घेत नाही. तो संसार मांडत नाही, त्याचे ताट गावोगावच्या घरांत वाढलेले असते आणि आजारपणात त्याच्या उशाशी स्वयंसेवक बसलेले असतात. वेतन नाही याचा अर्थ तरतूद नाही, असा कधीच नव्हता. एजन्सीच्या कार्यकर्तीला आपण त्याग प्रचारकाचा मागतो आणि तरतूद मात्र कोणतीच करत नाही.

अशा मागणीचे टोक कुठे जाते, ते मार्च 2025 मध्ये याच जिल्ह्याने पाहिले. आश्रमशाळेत अठरा वर्षे शिकवूनही वेतन न मिळालेल्या एका शिक्षकाने बीड शहरात आपली जीवनयात्रा संपवली. जाण्याआधी त्याने आपल्या तीन वर्षांच्या लेकीची क्षमा मागणारा मजकूर लिहून ठेवला होता. चार दिवस बातम्या आल्या, आरोप-प्रत्यारोप झाले. त्या काळात अशा शाळांचे किती विश्वस्त आपापल्या संस्थेचे पगारपत्रक काढून बसले असतील? ज्या शाळेत वंचितांची मुले शिकतात, तेथील गुरुजीला आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर तारुण्य घालवायला लावणे, याला सेवाकार्य म्हणण्याचे धाडस आपण कसे करतो?

देणगीदारांचेही एक नवल आहे. वसतिगृहाला खोली बांधून देतील, धान्य देतील, सतरंज्या देतील, दिवाळीला फराळ देतील. फरशीवर आईवडिलांचे नाव कोरता येते. कार्यकर्त्याच्या पगारपत्रकावर ते कोरता येत नाही, म्हणून पगारासाठी देणगी मागितली की चेहरे पडतात. 'प्रशासकीय खर्च किती टक्के?' हा प्रश्न तर फॅशनच झाला आहे. अहो, रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर पट्टी ठेवणारी बाई म्हणजेच ती संस्था. तिला प्रशासकीय खर्चात धरणारा ताळेबंद चुकीचा आहे. शिरूर कासार तालुक्यातील आर्वीचे शांतिवन असो की गावोगावची लहान वसतिगृहे, ऊसतोड मजुरांच्या मुलांना थांबवून धरणारी ही कामे इमारतींमुळे चालत नाहीत. मूल तिथे राहते ते ओळखीच्या माणसामुळे, आणि ते माणूस गेले की मूल पुढच्या ट्रॅक्टरवर चढते.

शासनाने करायचे ते उघड आहे. बाल संरक्षण कक्षातील पदे जिल्ह्याने थेट भरावीत, मध्ये मुकादम नको. मोबदल्याला वेतन म्हणावे आणि ते सात तारखेला द्यावे. केंद्राचा हिस्सा यायला उशीर झाला तर राज्याने तोवर आपल्या तिजोरीतून भागवावे, क्षेत्रकार्यकर्त्याच्या किराणा उधारीतून नव्हे. आणि ज्या जिल्ह्यात दर शंभरांतील चव्वेचाळीस मुलींची लग्ने कोवळ्या वयात लागतात, त्याला इतर जिल्ह्यांच्याच मापाने दोन माणसे देण्याचा बाष्कळपणा थांबवावा. हंगाम सुरू होण्याआधीचे दोन महिने तरी तालुक्यागणिक एक माणूस हवा.

आपल्या संस्थांपुरते करायचे ते याहून सोपे आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालाच्या छायाचित्रांची पाने उलटून झाली की एखाद्या सभासदाने उठून तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्याकडील पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा किती मिळते आणि कितव्या तारखेला? त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का? आणि गेल्या तीन वर्षांत किती जण सोडून गेले? ते पत्रक सभेपुढे ठेवायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.